पानमास्तरांची पाच बोटं

हुशार माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली आणि त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. ती लांब होती, मोठी होती, त्यांच्यापुढे हात जोडले की काम भागायचं. त्रास झाला तो एकाच माणसाचा. तो माझ्या शेजारच्या वर्गात शिकवायचा आणि आम्हा दोघांच्या मध्ये फक्त एक कुडाची भिंत होती. भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं की माझ्या पोटात दुखायला लागे. खोटं कशाला बोलू, अजूनही त्याची आठवण निघाली की थोडं दुखतं.

अमरावतीत सगळे त्याला पानमास्तर म्हणत, कारण त्याचं घर अंजनगाव सुर्जीचं आणि घरचा धंदा पानमळ्याचा. तोंडावर मीही त्याला 'अहो मास्तर' म्हणायचो. पण मनात तो मला कधी 'ते' वाटला नाही, आणि या वयात आता ढोंग करून काय मिळणार आहे. म्हणून मी त्याला 'तो'च म्हणणार.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि बघता बघता साहेबलोक आमच्या अमरावतीच्या बाजारात येऊन गाड्यांमागे फिरू लागले. तिवशाच्या, भातकुलीच्या गाड्यांची रांग पहाटेपासून लागायची. साहेब काय बोलतो ते दलालांना कळेना, आणि न कळता मान डोलावली की सौदा होऊन बसायचा. मग दलालांनी आपली मिशा फुटलेली, लग्नं झालेली मुलं आणून शाळेत बसवली. इंग्रजी शिकवा म्हणाले, आणि जरा लवकर शिकवा.

शिकवायला मी होतोच. मी पुण्याचा, रीतसर शिकलेला, इंग्रजी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ. क्रियापदाचे काळ किती, अर्थ किती, प्रत्येकाची रूपं कोणती, सगळं मी मुलांकडून एका सुरात म्हणून घ्यायचो. आय गो, दाऊ गोएस्ट, ही गोज. वर्ग असा घुमायचा की रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत. मला त्याचा फार अभिमान होता. मग एका दलालाच्या मुलाने बाजारात एका साहेबाला 'दाऊ गोएस्ट' म्हटलं आणि साहेब गाडीच्या चाकाला धरून डोळे पुसेपर्यंत हसला. 'तू'ला दाऊ म्हणणारी माणसं त्याच्या देशात केव्हाच मरून गेली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी पानमास्तराच्या वर्गात जाऊन बसला. इथून सुरुवात झाली.

पानमास्तर कुठल्या शाळेत गेला नव्हता. तरुणपणी इलिचपूरच्या छावणीत साहेबांच्या स्वयंपाकघरी भाजीपाला पोचवायचा, मग तिथेच कोठीवर राहिला, आणि बारा-चौदा वर्षं नुसतं ऐकत राहिला. तेवढ्या भांडवलावर दलालांनी त्याला शाळेत आणून मास्तर केला. कोणी विचारलं की म्हणायचा, "म्या इंग्रजी कानानं शिकलो, डोये नाही लावले." अंगात कुणा साहेबाने टाकलेला कोट, त्याची निम्मी बटणं गेलेली. जोडा होता, पण तो हातात धरून चालायचा आणि वर्गाच्या दाराशी नीट जोडीने ठेवायचा. जोडा साहेबाले दाखवाले असते, पायाले कायले, असं त्याचं म्हणणं. कोटाच्या खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं असायची आणि अवघड वाक्य ज्याला जमलं त्याला एक पान मिळायचं. शाळेला येताना रस्त्यातल्या बैलांशी तो इंग्रजीत बोलायचा. एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं, धापा टाकणाऱ्या एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणत होता, यू हॅव बीन पुलिंग सिन्स मॉर्निंग. आणि मेलं ते वाक्य अगदी बरोबर होतं.

नामं तो शिकवायचाच नाही. मुलांनी विचारावं, मास्तर, सरकीला काय म्हणतात, तराजूला काय म्हणतात, तर म्हणायचा, बोट दाखव ना बा, साहेब काही आंधया नाही. त्याचं सगळं लक्ष क्रियापदावर. वस्तू समोर पडलेली असते, ती दिसते, पण झालं का, होणार का, होऊन गेलं का, झालं असतं का, हे दिसत नाही, आणि बाजारात माणूस बुडतो तो तिथेच, हे त्याने ओळखलं होतं. साहेबाने 'मी घेतला असता' म्हटलं आणि दलाल 'घेतला' समजून गाड्या खाली करून बसला, असं त्या हंगामात दोनदा झालं होतं.

आता त्याची ती पद्धत सांगतो. सांगताना आजही दात-ओठ खावेसे वाटतात, कारण ती मला सुचायला हवी होती.

तो उजवा हात वर करायचा. अंगठा म्हणजे काम. वेचणं, तोलणं, विकणं, जे काय असेल ते. अंगठ्याशिवाय वाक्य नाही. उरलेली चार बोटं म्हणजे त्याचे गडी. पहिलं बोट मर्जीचं, त्याच्यावर विल, कॅन, मस्ट वगैरे मंडळी. मधलं बोट हॅव, म्हणजे काम उरकलं. तिसरं बोट बी, म्हणजे काम चालू आहे. करंगळीसुद्धा बी, पण ती कामाची दिशाच फिरवते, म्हणजे कापूस वेचत नाही, वेचला जातो. कोणतंही बोट मिटा, कोणतंही उघडा, पण रांग मोडायची नाही, आणि अंगठा आडवा होऊन सगळ्यांच्या शेवटी टेकायचा. जे बोट रांगेत सगळ्यात पुढे उभं, पगडी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. काळ बदलला, माणूस बदलला की फक्त पगडीवाला बदलतो, बाकीचे आपल्या जागी तसेच. नकार आला की नॉट पगडीवाल्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. प्रश्न विचारायचा तर पगडीवाल्याने उठून कर्त्याच्याही पुढे जायचं. आणि नकाराला किंवा प्रश्नाला हाताशी एकही गडी नसेल तर? तर डू नावाचा रोजंदारीचा माणूस बोलवायचा, तो नेहमी चौकात बसलेलाच असतो.

पाचही बोटं एकदम उठायची वेळ क्वचित येते, असं तो सांगे, आणि आली तर समजून जायचं की साहेब टाळून राहिला.

झालं. एवढंच. माझ्या पुस्तकात यासाठी कितीतरी पानं खर्ची पडली होती आणि ती सगळी पाठ करूनही मला ती पगडी कधी दिसली नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन मी पुस्तक काढलं, एक एक रूप त्याच्या बोटांवर ताडून पाहिलं. कुठे तरी चुकावं म्हणून किती वेळ बसलो असेन. एकही चुकलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

माझ्या वर्गातली माणसं एक एक करून गळायला लागली. कोणी तोंडावर काही बोलत नसे. उद्या गावाला जातो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे त्यांचा आवाज यायचा. माझ्याकडे राहिले ते कारकुनीच्या आशेवर असलेले चार-दोन जण, आणि तेही मध्येच कान तिकडे लावायचे. पण खरी मिरची झोंबली ती घरात. आमच्या शेजारी दलालाचं घर. एके दिवशी माझी बायको पोळ्या लाटता लाटता थांबली, पिठाचा हात वर केला, मधलं बोट उघडं ठेवून अंगठा आडवा केला आणि म्हणाली, "इकडे हसायचं नाही हं. आय हॅव कुक्ड. बरोबर आहे का?" तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. शेजारणीने मुलाकडून ऐकलं होतं, तिने हिला दाखवलं. वर म्हणाली, ते पानमास्तर बरं सांगतात म्हणे. मी ताटावरून उठलो. बिचारीला कळलंच नाही काय झालं ते. तिच्या त्या वाक्यात चूक नव्हती, आणि सात वर्षांच्या संसारात तिला एक शब्द शिकवावा असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बातमी आली की अकोल्याला नवी इंग्रजी शाळा निघणार. खात्याचा साहेब अमरावतीला येऊन परीक्षा घेईल आणि आम्हा दोघांपैकी ज्याचा वर्ग चांगला ठरेल त्याला अकोल्याचा मुख्य करील. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते सांगता येणार नाही. अकोल्याला भिंतीपलीकडे पानमास्तर नसता, एवढं एकच सुख मला पुरलं असतं. आणि तोच मुख्य झाला आणि पुढे बदली होऊन मला त्याच्या हाताखाली जावं लागलं तर?

पानमास्तराला मात्र काळजी दिसेना. त्याने मला वाटेत गाठून विचारलं, परीक्षेत साहेब नामंही विचारते का? मी म्हटलं, विचारेल. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, मग दोन दिवस तुमच्या वर्गात पोट्टे बसवू का, तुमचं नामाचं पाठांतर चांगलं आहे. मी म्हटलं, माझ्याकडे जागा नाही. माझ्या वर्गात तेव्हा बाकं रिकामी पडली होती.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. दलालांच्या घरची पोरं चालायला लागली की हे शिकतात. ती पोरं पानमास्तराच्या वर्गात बोटांवर इंग्रजी शिकायला लागली तेव्हा त्यांनी काय केलं असेल? जे आजा-पणज्यापासून करत आले तेच. शेजाऱ्याचा हात धरायचा, वर उपरणं टाकायचं, त्याची बोटं दाबत दाबत आपलं वाक्य जुळवायचं आणि मग मोठ्याने म्हणायचं. दाबणारा तोच, बोलणाराही तोच. शेजाऱ्याचा हात म्हणजे नुसती पाटी. पानमास्तराला ते फार आवडायचं. माझा वर्ग घुमायचा आणि त्याचा वर्ग असा चिडीचूप, डोकी जवळ, उपरणी हलताहेत, आणि मध्येच एखादं स्वच्छ वाक्य. भिंतीच्या फटीला डोळा लावून मी हे कित्येक दिवस पाहिलं होतं. मला त्यातलं सगळं ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी साहेबाने आधी माझा वर्ग घेतला. माझ्या चौघांनी व्याख्या धडाधड म्हटल्या. साहेबाने मान हलवली आणि जांभई दिली. मग आम्ही सगळे पलीकडच्या वर्गात गेलो. साहेबाने एका मिशीवाल्या दलालपुत्राला उभं केलं आणि विचारलं, संध्याकाळपर्यंत बाजारातल्या कापसाचं काय झालेलं असेल? मुलाला घाम फुटला. आयुष्यात इतक्या जवळून साहेब त्याने पाहिला नव्हता. त्याने शेजाऱ्याचा हात धरला, खांद्यावरचं उपरणं काढून त्यावर टाकलं, आत बोटं दाबली आणि म्हणाला, बाय ईव्हनिंग द कॉटन विल हॅव बीन वेड, सर. तोवर तोलून झालेला असेल. साहेब खुर्चीत सरळ झाला. मग आत्ता काय चाललंय? इट इज बीइंग वेड नाऊ, सर. आत्ता तोलला जातोय. साहेबाने आणखी तीन विचारले, तिन्ही आले. साहेब हसला. अकोला गेलं, असं मला स्पष्ट दिसलं.

मग साहेबाची नजर उपरण्याकडे गेली. ते हलत होतं. त्याने उठून ते उचललं, तर आत दोन हात एकमेकांत आणि बोटांवर बोटं.

साहेबाचा चेहरा पालटला. त्याने पानमास्तराला विचारलं, हे लोक हाताने एकमेकांना काही सांगतात का? आणि पानमास्तर खुलला. इतक्या मोठ्या साहेबाने आपली पद्धत विचारली याचाच त्याला आनंद. छाती काढून म्हणाला, "दे हॅव ऑलवेज डन इट, सर." हे नेहमीच करत आलेत. वाक्य इतकं निर्दोष होतं की मलाही त्यात बोट घालायला जागा नव्हती.

साहेब लाल झाला. लबाडी, शाळेत, त्याच्या डोळ्यांसमोर. पानमास्तराला तेव्हा कुठे कळलं की काही तरी बिनसलं. तो बोटं दाखवत समजावायला लागला, साहेबाने हाताने त्याला गप्प केलं. मग पानमास्तर माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, उलट हायसं वाटल्यासारखा दिसला.

"पंत, तुमी सांगा ना साहेबाले," तो म्हणाला. "तुमची इंग्रजी पुस्तकाची हाय. तुमचं तो ऐकन."

साहेबानेही माझ्याकडे पाहिलं. विचारलं, तुम्ही हे पूर्वी पाहिलं आहे का?

दोन वाक्यं पुरली असती. दाबणारा आणि बोलणारा एकच आहे, आणि ही इथल्या बाजाराची रीत आहे. दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात तयार होती, अगदी पगडीसकट. मी म्हणालो, येस सर, एव्हरी डे. आणि थांबलो. मी खोटं बोललो नाही, असं मी त्यानंतर स्वतःला फार वर्षं सांगितलं.

त्याच दुपारी पानमास्तराला काढलं. त्याने जोडा उचलला, हातात घेतला आणि पोरांना म्हणाला, कायले रडता बे, बोटं काही नेत नाही म्या तुमची. माझ्याकडे पाहून त्याने नेहमीसारखा नमस्कार केला. त्याला वाटलं होतं की मी सांगायचा प्रयत्न केला आणि साहेबाने ऐकलं नाही.

मी अकोल्याला मुख्य झालो. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, शिपाई मिळाला. पण जो कोणी अमरावतीहून यायचा तो पानमास्तराचं नाव काढायचा. कुणी म्हणे, त्याचे विद्यार्थी आता साहेबांशी बरोबरीने बोलतात. बदनेऱ्याकडे आगगाडीच्या कामावर कोणी दुभाषा झाला, तोही त्याचाच. माझ्या शाळेतून बाहेर पडलेली मुलं व्याख्या म्हणून दाखवायची आणि साहेब समोर आला की दुभाषा शोधायची. एकदा वर्गात कोणी नसताना मी माझाच हात वर करून पाहिला. मग घाईने खाली घेतला.

पुढे ती लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, अमरावतीतले निम्मे साहेब गेले. अशाच एका थंडीत बहिणीच्या मुलीच्या सोयरिकीसाठी मला अंजनगावला जावं लागलं. पाय आपोआप पानमळ्याकडे वळले म्हणालो तर ते खोटं होईल. मी विचारत विचारत गेलो. तो काय स्थितीत आहे ते मला पाहायचं होतं, आणि वाईट स्थितीत असावा अशी माझी इच्छा होती.

तो वेली बांधत होता. तोच कोट, आता बटण एकही नाही. मला पाहून त्याला इतका आनंद झाला की मला तो सोसवेना. मला बसवलं, पाणी दिलं, बायकोची, मुलांची चौकशी केली. तेव्हा माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी त्याला सांगितलं की मला सगळं ठाऊक होतं, भिंतीच्या फटीतून मी रोज पाहत होतो, आणि त्या दिवशी मी मुद्दामच गप्प बसलो. तुमच्यावर मी जळत होतो मास्तर, असंही म्हणालो.

तो वेल बांधायचा थांबला. चिडेल, शिव्या देईल, मळ्यातून हाकलून देईल, असं वाटलं आणि मी त्याची वाटच पाहत होतो. त्याने गाठ मारली आणि विचारलं, अकोल्यात पोट्टे किती आहेत? मी सांगितलं. त्यातल्या किती जणांना बोलता येतं? मी म्हटलं, कोणालाच नाही.

"मंग मले घेऊन चला," तो म्हणाला. "खालच्या वर्गाले ठेवा. तुमच्या हाताखाली राहीन. पगार नाही देल्ला तरी चालते. इथं बोलाले कोणी नाही बाप्पा, वेलीसंगं किती बोलू?"

त्याचे डोळे भरले होते. जे मी केलं ते त्याने ऐकलं, बाजूला ठेवलं, आणि त्याला फक्त वर्ग हवा होता. मी म्हणालो, बघतो. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं. परतीच्या वाटेवर गाडीत बसून मी वेळापत्रकसुद्धा मनात आखलं, सकाळचा पहिला तास त्याला द्यायचा.

अकोला जवळ आलं तसतसे माझ्या शाळेचे आवाज कानात यायला लागले. पहिल्या दिवशी त्याचा एक वर्ग चिडीचूप बसेल, दुसऱ्या महिन्यात पोरं माझ्या वर्गातून सरकायला लागतील, आणि वर्षभरात अकोल्यात ती त्याची शाळा होईल. मी मुख्य असेन आणि सगळे त्याला मास्तर म्हणतील. घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं, अंजनगावला कोण कोण भेटलं? मी म्हटलं, कोणी नाही.

महिन्याभराने अंजनगावचा एक माणूस बाजाराला आला तो शाळेत डोकावला. म्हणाला, मास्तर इचारून राहिले, कवा येऊ. जोडा नवा शिवला त्याहिनं.

मी म्हटलं, त्यांना सांग, जागा भरली.

जागा त्या दिवशी रिकामी होती. पुढे पुण्याहून एक जण येईपर्यंत सहा महिने ती रिकामीच राहिली.